भिगवणला रोहित नव्हते

नागपूरचा माझा मित्र सहा वर्षांनी पुण्यात आला. शुक्रवारी सकाळी ट्रेनमधून उतरला तेव्हा पाठीला सॅक, गळ्यात दुर्बीण, एका हातात संत्र्यांची पिशवी आणि दुसऱ्या हातात संत्रा बर्फीचा डबा, आणि प्लॅटफॉर्मवरच मला मिठी मारून म्हणाला, "जाडा झाला बे तू." फोन या सहा वर्षांत भरपूर झाले पण भेट नाही. मधे २०२१ मध्ये त्याचे बाबा गेले, तेव्हा लॉकडाऊनमुळे मला जाता आलं नव्हतं, आणि ते माझ्या मनात कायम राहिलेलं. त्यामुळे हा वीकेंड चांगला जावा असं मला फार वाटत होतं, महिनाभर आधीपासून मी सगळं ठरवत होतो.

कॉलेजात असताना आमचे तीन शौक होते. पिक्चर, पक्षी, आणि त्याची जुनी नाणी (तिसरा खरं तर त्याचा आणि त्याच्या बाबांचा, मी फक्त बरोबर फिरायचो). त्या वेळी अलका, विजय, नीलायम आणि मराठी पिक्चर असला की प्रभात, असं आमचं ठरलेलं असायचं. दर रविवारी काही ना काही बघायचोच. आता प्रभातचं किबे लक्ष्मी झालंय, २०१४ च्या शेवटी करार संपला आणि नाव बदललं, हे त्याला माहीत होतं तरी अप्पा बळवंत चौकातून जाताना त्याने गाडी हळू करायला लावली आणि मान वळवून बघत राहिला.

शुक्रवारी रात्री मल्टिप्लेक्सला एक मोठा हिंदी पिक्चर बघितला. नाव लिहीत नाही. तिकीट ४२० रुपये एकाचं, पावणेतीन तासांचा पिक्चर, आणि त्यात मनापासून केलेला सीन एकच, बाप आणि मुलगा स्वयंपाकघरात न बोलता जेवतात तो, जेमतेम तीन मिनिटांचा. बाकी सगळा वेळ हिरो स्लो मोशनमध्ये चालतोय आणि मागे एवढा आवाज की कोण काय बोलतंय ते कळत नाही. हिरोची बहीण आहे, तिला अख्ख्या पिक्चरमध्ये चार वाक्यं आहेत आणि इंटरव्हलच्या आधी ती मरते, म्हणजे ती फक्त मरायलाच ठेवलेली, तिला काय आवडायचं, ती काय करायची, काही नाही. मला याचा खरंच राग येतो. एवढे पैसे, एवढी माणसं, एवढा चांगला कॅमेरा, आणि एका माणसाला धड माणूस म्हणून लिहायला कुणाला वेळ मिळू नये? मित्र बाहेर आल्यावर बराच वेळ काही बोलला नाही, पार्किंगमध्ये फक्त म्हणाला, "तो जेवायचा सीन चांगला होता पण." मला कळलं त्याला काय आठवलं ते.

शनिवारी पहाटे चारला निघालो भिगवणला. पुण्याहून साधारण शंभर किलोमीटर, सोलापूर हायवे. एवढ्या पहाटे हडपसरला ट्रॅफिक नसतं, लोणी काळभोर, उरुळी कांचन, यवत भराभर मागे गेले, चौफुल्याला चहा घेतला, पुढे पाटस, कुरकुंभ आणि मग भिगवण. नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा, चांगली थंडी होती आणि दोन्ही बाजूंना ऊस. उसाचे ट्रॅक्टर मात्र पहाटेपण असतात, मागे लाइट नसलेले, तेवढं सांभाळून चालवा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, भिगवणचं पाणी म्हणजे उजनी धरणाचं बॅकवॉटर. भीमेवरचं हे धरण १९८० मध्ये पूर्ण झालं, भरलं की साधारण ११७ टीएमसी पाणी साठतं, आणि त्या पाण्याचा फुगवटा इतक्या लांबपर्यंत येतो की कुंभारगाव, डिकसळच्या काठावर उभं राहिलं की समुद्रच वाटतो. या पाण्याखाली गावंच्या गावं गेली. पळसदेवचं जुनं देऊळ तर अजून पाण्यात आहे, उन्हाळ्यात पाणी खूप खाली गेलं की ते उघडं पडतं आणि लोक होडीतून दर्शनाला जातात. तिथे पक्षी बघायला जाताना ही गोष्ट माझ्या डोक्यात असतेच. कुणाची शेतं होती तिथे आता बदकं पोहतात.

मित्राला बघायचे होते रोहित. म्हणजे फ्लेमिंगो, अग्निपंख पण म्हणतात. कॉलेजात असताना दोनदा गेलो होतो आणि दोन्ही वेळा हजारोंनी बघितले होते, एकदम उडाले की पंखांखालचा तो लालकाळा रंग. या वेळी त्याने वहीत नवीन पान काढून वर तारीख टाकली आणि पहिलंच नाव आधीच लिहून ठेवलं, रोहित, पुढे टिक करायला जागा.

कुंभारगावला होडीवाले दादा तयारच होते. पण आमच्याकडे बघून पहिलं वाक्य हेच, "सर, रोहित नाय अजून." मला वाटलं हे असंच बोलतात, पुढे नेतील. ते म्हणाले, "यंदा पाणी लय हाय. चिखलच उघडा नाय, मग त्यांनी खायचं काय?"

आणि ते बरोबरच होतं. रोहित चोच उलटी करून चिखलपाण्यातून शेवाळ आणि बारीक जीव गाळून खातो, त्यातल्याच रंगद्रव्यांमुळे तो गुलाबी दिसतो. त्याला उथळ पाणी लागतं. पाऊस उशिरापर्यंत पडला आणि धरण काठोकाठ भरलेलं राहिलं की काठचा चिखल सगळा पाण्याखाली, मग ते येतात जानेवारी-फेब्रुवारीत, पाणी उतरल्यावर. मला हे माहीत असायला हवं होतं असं नाही, मला माहीतच होतं, फक्त मित्राची सुट्टी नोव्हेंबरातच मिळत होती आणि मी म्हणलं थोडे तरी असतील.

तरी होडीत बसलो. सूर्य वर येत होता, पाण्यावर धुकं, आणि दादा इंजिन न लावता बांबूने होडी ढकलत होते कारण आवाजाने पक्षी उडतात. वारकरी नावाचे पाणपक्षी होते पुष्कळ, काळे, कपाळाला पांढरा टिळा. शेकाट्या मात्र काठाच्या एका उरलेल्या पट्टीवर दहाबाराच. हळदी-कुंकू बदकांची एक जोडी अगदी जवळून गेली, चोचीचं टोक पिवळं आणि मुळाशी लाल ठिपके, नाव किती नेमकं आहे बघा. पाणकावळे वाळलेल्या बाभळीवर पंख पसरून बसलेले, ती बाभूळ पण अर्धी पाण्यात. एक कवड्या खंड्या हवेत एका जागी थांबून खाली सूर मारत होता, तीनदा मारला, तीनदा रिकामा वर आला, मित्र म्हणाला "आपल्यासारखंच चालू आहे त्याचं." चित्रबलाक लांबून चार दिसले. संपलं.

ही मराठी नावं आम्ही कॉलेजात चितमपल्लींमुळे शिकलो. मारुती चितमपल्ली सोलापूरचे, आयुष्यभर जंगलखात्यात नोकरी केली, कितीतरी वर्षं विदर्भात होते, आणि पारधी, कोळी अशा लोकांकडून पक्ष्यांची नावं गोळा करून त्यांनी लिहून ठेवली. २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये सोलापुरातच गेले. होडीत आम्ही दोघं त्यांच्याबद्दल बराच वेळ बोललो. दादांना मित्राने विचारलं, वारकऱ्याला तुम्ही काय म्हणता? ते जे नाव म्हणाले ते त्याने लगेच वहीत लिहून घेतलं आणि स्पेलिंग दोनदा विचारलं. दोन तासांत वहीत २७ नावं झाली. पहिल्या नावापुढची जागा तशीच.

काठावर उतरल्यावर दादांच्या घरीच जेवलो. तळलेली चिलापी, मरळीचं कालवण, बाजरीची भाकरी. दादा म्हणाले चिलापी आली आणि आमचे जुने मासे कमी झाले, आता जाळ्यात तीच जास्त. त्यांच्या वडिलांची जमीन धरणात गेली, मग मासेमारी आली, आता वर्षातले तीन-चार महिने पक्षी बघायला येणाऱ्यांवर चालतं. रोहित उशिरा आले की त्यांचा पण तेवढा सीझन गेला. आमचा एक शनिवार गेला, त्यांचे किती जात असतील. बाराशे ठरले होते होडीचे, मित्राने पंधराशे दिले आणि दादा तीनशे परत देत होते, शेवटी कसेबसे ठेवले.

संध्याकाळी एका मॉलमध्ये मराठी पिक्चरचं बुकिंग होतं, पावणेसातचा शो. एका ओळखीच्याने फार चांगला आहे म्हणून सांगितलेला, आणि आख्ख्या शहरात त्या दिवशी त्याचे दोनच शो, एक सकाळी सव्वाअकराला आणि हा. भिगवणहून दमून आलो, अंघोळ करून पळत पळत पोचलो. दारावरचा मुलगा म्हणाला पाच मिनिटं थांबा, मग म्हणाला टेक्निकल प्रॉब्लेम आहे, आणि सात वाजता सांगितलं की शो कॅन्सल, बुकिंग कमी आहे. आम्ही धरून नऊ जण होतो. एक आजी-आजोबा होते, ते वारज्याहून रिक्षाने आलेले. आजी त्या मुलाला अगदी शांतपणे म्हणाल्या, "बाळा, आम्ही नऊ जण आहोत ना इथं." तो बिचारा काय बोलणार, त्याच्या हातात काही नव्हतंच. पैसे पाच-सात दिवसांत परत येतील म्हणाला.

२०१५ मध्ये सरकारने मराठी पिक्चरला प्राइम टाइम द्यायचं म्हणून जाहीर केलं तेव्हा केवढी चर्चा झाली होती. आता दहा वर्षं झाली. सकाळी सव्वाअकराला कामाच्या माणसाने कसं जायचं, आणि कुणी गेलं नाही की प्रेक्षकच नाहीत म्हणायचं आणि संध्याकाळचा पण शो काढून टाकायचा. पिक्चर चांगला होता की वाईट हे आम्हाला कळलंच नाही, शुक्रवारचा वाईट पिक्चर निदान बघून तरी वाईट वाटला. हे मला जास्त लागलं. आजी-आजोबांना आम्ही गाडीतून वारज्याला सोडलं, रस्ताभर आजोबा जुन्या पिक्चरची गोष्ट सांगत होते, रात्री साडेनऊला घरी.

रविवारी जुना बाजार. मंगळवार पेठेत, बुधवार आणि रविवार भरतो, जुनी हत्यारं, पितळेची भांडी, बंद पडलेले कॅमेरे, घड्याळं, काय वाटेल ते. मित्राला हवी होती शिवराई. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी महाराजांनी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली, एका बाजूला श्री राजा शिव आणि दुसऱ्या बाजूला छत्रपति. पुढे पेशवाईत आणि इंग्रज आल्यावर पण शिवराया चालत राहिल्या, मधे दोन आडव्या रेघा असलेली ती दुदांडी. त्याच्या बाबांकडे दोन होत्या, बोर्नव्हिटाच्या जुन्या डब्यात कापसात ठेवलेल्या, आणि याच बाजारातून तिसरी घ्यायची हे त्या दोघांचं ठरलेलं. बाबा कधी पुण्याला आलेच नाहीत.

दोन्ही शिवराया त्याने बरोबर आणल्या होत्या, ताडून बघायला, आणि एक छोटा डिजिटल वजनकाटा. तीन तास फिरलो. शिवराई प्रत्येक तिसऱ्या माणसाकडे आहे, अडीचशेपासून दोन हजारांपर्यंत, आणि जेवढ्या बघितल्या त्या सगळ्या ओतीव. खरी शिवराई ठोकून पाडलेली, तिची अक्षरं कडक असतात, बहुतेक वेळा एखादं अक्षर नाण्याच्या बाहेरच गेलेलं. ओतीव नाण्याची अक्षरं साबणासारखी मऊ, अंगावर सुईने टोचल्यासारखी बारीक भोकं, आणि कडेला साच्याचा जोड घासल्याची खूण. एकाचा वरचा हिरवा थर तर बोटाला लागला. एकाचं वजन बाबांच्या नाण्याच्या जेमतेम निम्मं. मित्र कुणाशी भांडला नाही, प्रत्येक नाणं बघून परत ठेवायचा आणि थँक यू म्हणायचा. एक म्हातारे विक्रेते होते, त्यांनी बाबांची नाणी हातात घेऊन बराच वेळ बघितली, कपाळाला लावली आणि म्हणाले, "माझ्याकडचं घेऊ नका तुम्ही. खरं आलं तर फोन करीन." नंबर घेतला त्यांचा.

रात्रीची गाडी होती. स्टेशनवर शेवटची दोन संत्री राहिली होती ती सोलून खाल्ली, साल कागदात बांधून ठेवली, आणि मी त्याला म्हणलं की तुला एवढ्या लांबून बोलावून काहीच धड दाखवता आलं नाही. तो म्हणाला, "असं काऊन बोलून राहिला बे, सत्तावीस पक्षी लिहिले ना," आणि मग बाबांच्या शेवटच्या आठवड्याबद्दल बोलला, जे फोनवर चार वर्षांत कधी बोलला नव्हता, गाडी लागेपर्यंत बोलत होता. मी ऐकत होतो. ते इथे लिहिणार नाही.

घरी आलो तर टेबलावर त्याचा वजनकाटा राहिलेला. लगेच फोन केला, गाडी तेव्हा दौंडच्या पुढे गेली होती. म्हणाला राहू दे तिथेच, फेब्रुवारीत पाणी उतरलं की येतोच आहे, तोवर तू बुधवारी बाजारात एक चक्कर मारून ये.