चौथा बँड कुठे गेला

एमएस्सीला असताना एकदा मी जेल रन केलं (म्हणजे जेलमधून वीज सोडून डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे केले) आणि मार्करच बिघडला असं समजून अर्धा तास हळहळत बसले. मार्कर म्हणजे माहीत असलेल्या लांबीच्या तुकड्यांची मोजपट्टी; आमचा म्हणजे हिंड-थ्री या डीएनए कापणाऱ्या एन्झाइमने कापलेला लॅम्डा नावाच्या व्हायरसचा डीएनए, आमच्या लॅबमध्ये सगळे तोच वापरायचे. फ्रीजमधून ट्यूब काढली आणि थेट जेलच्या वेलमध्ये, म्हणजे खाचेत, लोड केलं. यूव्हीखाली बघते तर वरून चौथा, ४.४ केबीचा (केबी म्हणजे हजार बेसपेअर्स, डीएनएच्या अक्षरांच्या हजार जोड्या) बँड, म्हणजे त्या तुकड्याची रेघ, असून नसल्यासारखा आणि सगळ्यात वरचा २३ केबीचा मात्र ठसठशीत. पीएचडीवाल्या ताईने लांबूनच बघितलं, म्हणाली, "गरम नाही ना केलंस? टोकं चिकटलीत त्याची."

कसली टोकं, मला काही कळेना.

लॅम्डा हा ई. कोलाय या आतड्यातल्या बॅक्टेरियात शिरणारा फेज, म्हणजे बॅक्टेरियांचा व्हायरस, वर डोकं आणि खाली लांब लवचीक शेपूट. कोलायने माल्टोज आत घ्यायला पडद्यावर जे दार ठेवलंय त्यालाच हा शेपटीने चिकटतो (फुकटची सोय!) आणि फक्त डीएनए आत सोडतो. डोक्यात तो डीएनए सरळ दोरीसारखा असतो, ४८,५०२ बेसपेअर्स, आणि दोन्ही टोकांना १२-१२ बेसेसचे एकेरी धागे लोंबत असतात, एकमेकांना बरोब्बर जुळणारे. आत गेल्या गेल्या टोकं जुळतात, कोलायचंच लायगेज नावाचं एन्झाइम ती सांधून देतं, झाला गोल तयार. माझ्या ट्यूबमध्ये कोलाय नव्हता, लायगेज नव्हतं, तरी टोकांनी आपलं काम केलंच होतं, कारण २३ केबीचा तुकडा म्हणजे डावं टोक आणि ४.४ केबीचा म्हणजे उजवं. चौथा बँड गायब नव्हता, पहिल्याच्या गळ्यात पडला होता.

गोल झाल्यावर एकतर हा पिल्लं काढून कोलाय फोडतो, नाहीतर त्याच्याच क्रोमोसोममध्ये घुसून गप्प पडून राहतो, एक रिप्रेसर प्रोटीन बाकी जीन्स दाबून ठेवतं. गप्प म्हणजे किती, तर के-१२ हा कोलायचा स्ट्रेन (वाण) १९२२ साली स्टॅनफर्डला एका पेशंटच्या शौचातून मिळाला, पुढे जगभर त्याच्यावर जेनेटिक्स झालं आणि आत लॅम्डा बसलाय हे कळलं १९५१ला. विस्कॉन्सिनमध्ये एस्थर लेडरबर्ग या जेनेटिसिस्टला प्लेटवर कुरतडल्यासारख्या कॉलनी दिसल्या, कारण त्यात लॅम्डा गमावलेला एक स्ट्रेन मिसळला होता आणि शेजारच्यांतून बाहेर पडलेला लॅम्डा त्याला खात होता. मला तर वाटतं ती प्लेट दुसऱ्या कोणी 'कंटॅमिनेशन' म्हणून फेकूनच दिली असती, मी तर नक्कीच.

यूव्ही मारला, कोलायचा डीएनए तुटायला लागला, की तो रिप्रेसरही तुटतो आणि आपले पाहुणे लगेच बाहेर पडायच्या तयारीला लागतात. घर पडायला आल्यावर भाडेकरू थांबेल कशाला.

असो. दुसऱ्या दिवशी मार्कर ६५ डिग्रीला पाच मिनिटं ठेवला, लगेच बर्फात खुपसला, लोड केला. चौथा बँड जागेवर.