आमची वाटचाल : चार पिनांवर तगलेलं दुकान

नाशिकला अशोक स्तंभाजवळ आमचं दुकान आहे. आज बोर्डावर 'जुन्या कॅसेट कॉम्प्युटरवर घेऊन मिळतील' असं लिहिलंय. पूर्वी तिथे 'लग्न, मुंज, वास्तुशांत व्हिडिओ शूटिंग' होतं. १९९८ साली मी आणि माझा आतेभाऊ, दोघांनी मिळून पॅनासोनिकचा एम ९००० घेतला. तो खांद्यावरचा, अख्खी व्हीएचएस कॅसेट आत घेणारा. कॅमेरा त्याच्या खांद्यावर आणि हॅलोजन माझ्या हातात, अशी वाटणी होती. हॅलोजन धरणाऱ्याचं कौतुक कुठल्याच लग्नात होत नाही, ते असो.

२००४ ला सोनीचा पीडी १७० कॅमेरा आला आणि आम्ही मिनी डीव्हीवर, म्हणजे छोट्या डिजिटल कॅसेटवर गेलो. पुढची बरीच वर्षं लग्नसराईत काम आणि आषाढात उधारीची वसुली यात गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

पीडी १७० बद्दल मात्र सांगतो. चित्र टिपणाऱ्या तीन चिपा (सीसीडी), मंडपातल्या मरतुकड्या उजेडातही चित्र स्वच्छ. पण खरी दौलत बाजूच्या रबरी झाकणाखाली होती. चार पिनांचं, नखाएवढं सॉकेट. सोनीवाले त्याला आय-लिंक म्हणतात, कॉम्प्युटरवाले फायरवायर नाहीतर १३९४, आणि आम्ही सगळे डीव्ही केबल. मिनी डीव्हीच्या टेपवर चित्र आकड्यांत लिहिलेलं असतं, सेकंदाला २५ मेगाबिट. डीव्ही केबलने ते आकडे जसेच्या तसे कॉम्प्युटरात उतरतात, त्यात कमी-जास्त काही होत नाही. कॅमेरा टीव्हीला जोडायच्या पिवळ्या पिनेतून मात्र त्याच आकड्यांचं आधी साधं टीव्ही सिग्नल होतं, मग पलीकडचं यंत्र त्याचे पुन्हा आकडे करतं. रंग उतरतात, कडा पुसट होतात, आणि कॅमेऱ्याने प्रत्येक फ्रेमसोबत लिहून ठेवलेली तारीख-वेळ वाटेतच गळून पडते. धंद्यातल्या माणसाला हे सांगायला लागू नये. पण लागलं, आणि तेही घरातल्याच माणसाला.

२०१६ च्या पावसाळ्यात लाइट सारखी ये-जा करत होती. त्यात आमच्या कॅप्चरच्या, म्हणजे कॅसेट उतरवून घ्यायच्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड गेला. उघडून पाहिलं तर कपॅसिटरची टोकं फुगलेली. नवीन कॉम्प्युटर जोडून आणला, तर त्यात फायरवायर नाहीच. आमचं जुनं फायरवायरचं कार्ड चांगलं चालू, पण ते साध्या पीसीआय स्लॉटचं, आणि नव्या बोर्डावर तो स्लॉटच ठेवलेला नाही. पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला गेलो आणि लॅमिंग्टन रोडवर फिरून पीसीआय एक्स्प्रेसचं, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप असलेलं कार्ड शोधलं. चिपचं नाव वाचल्याशिवाय कार्ड घेऊ नका, दुकानदार 'सब सेम है' म्हणतो.

कार्ड बसवलं. विंडोज १० ला कार्ड दिसतंय, पण कॅमेरा कधी दिसतो, कधी नाही, आणि दिसला तर मध्येच फ्रेम सुटतात. कार्ड नीट चालवणारा जुना लेगसी ड्रायव्हर विंडोज ८ पासूनच मायक्रोसॉफ्टने सोबत देणं बंद केलं होतं. तो वेगळा उतरवून घ्यायचा, बसवायचा, मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन यादीतून '१३९४ ओएचसीआय लेगसी' हाताने निवडायचा. आज हे दोन ओळींत सांगतोय. तेव्हा सांगणारं कोणी नव्हतं, आणि लग्नांच्या कॅसेट कपाटात साचत होत्या.

नेमक्या त्याच दिवसांत आतेभाऊ वेगळा झाला. झाला तर झाला, पण रस्त्यापलीकडच्या दुकानात भागीदार म्हणून उभा राहिला. तिथे एक केबल विकायला ठेवली होती : एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला चार पिना. 'ही घ्या, घरच्या घरी लॅपटॉपला लावा.' ती केबल जगात कुठेही चालत नाही. यूएसबी आणि फायरवायर यांची बोलायची पद्धतच वेगळी, नुसत्या तारा जोडून दुभाषा तयार होत नाही. नशीब खराब असेल तर उलट कॅमेऱ्याचा पोर्ट जातो. लोक ती केबल घेऊन आमच्याकडे यायचे, 'तुमच्याकडे तरी चालते का बघा' म्हणून. चालत नाही म्हटलं की आम्हीच वाईट.

आणि दुकानात ते स्वतः काय करायचे? पिवळी पिन, शेपटीएवढं यूएसबीचं कॅप्चर डोंगल, आणि आमच्या निम्मा दर. चौकोनी चित्र रुंद टीव्हीवर भरावं म्हणून ताणून द्यायचे. नवरा-नवरी दोघंही बुटकी आणि जाडी. एका संस्थेचं वर्षानुवर्षांच्या कार्यक्रमांच्या कॅसेटचं मोठं काम आम्हाला ठरलेलं होतं, तेही तिकडे गेलं. कोटेशन आमचंच दाखवून खाली पाडलं, हे मला मागाहून कळलं. त्या वर्षी दुकानाचं भाडं थकलं आणि एक पीडी १७० विकायला काढावा लागला.

तेव्हा मास्तर नसते तर हे लिहायला मी नसतो. मास्तर म्हणजे पंचवटीतले निवृत्त शिक्षक. आयुष्यभर हौशी नाटकं बसवली, राज्य नाट्य स्पर्धेला पदरमोड करून संघ उतरवले. प. सा. नाट्यमंदिरातले प्रयोग ते हँडीकॅमवर शेवटच्या रांगेतून स्वतः घ्यायचे. बिस्किटांच्या खोक्यात भरलेल्या कॅसेट घेऊन आले, तेव्हा आमचा कॉम्प्युटर उघडा पडलेला होता. मी म्हटलं, "मास्तर, पलीकडे निम्म्या दरात होतंय."

"निम्म्यात निम्मंच येत असेल. तुझं सुरू झालं की कर," म्हणाले, आणि ॲडव्हान्स ठेवून गेले.

ड्रायव्हर बसल्यावर पहिली कॅसेट त्यांचीच लावली. त्यांचाच कॅमेरा आणायला लावला होता, कारण लाँग प्लेवर, म्हणजे कॅसेटवर जास्त वेळ मावेल अशा सेटिंगवर घेतलेली टेप दुसऱ्या कॅमेऱ्यात बऱ्याचदा नीट चालत नाही. सुरुवातीला चित्रात चौकडे फुटत होते, निम्म्या पडद्यावर पट्टे. हेड क्लीनरची कोरडी कॅसेट काही सेकंद फिरवली, टेप पूर्ण पुढे नेऊन मागे आणली, आणि मग पडदा वर जाताना दिसला. खाली कोपऱ्यात तारीख. कुठल्या प्रयोगात कोणती नटी होती यावरून मास्तरांच्या संघात जुना वाद होता, तो त्या तारखेने मिटला. पिवळ्या पिनेतून ती फाइलसोबत आलीच नसती. त्यानंतर नाटकवाल्यांच्या घराघरातून कॅसेट यायला लागल्या, नाशिकरोडपासून देवळालीपर्यंत.

आता थोडं विचारलं नसताना सांगतो. कॅसेटचा कप्पा बंद करताना 'पुश' लिहिलंय तिथेच दाबा. दुसरीकडे दाबलं की यंत्र वाकडं होतं, आणि ते सरळ करणारे कारागीर आता शोधावे लागतात. कॅसेटची लहानशी पट्टी 'सेव्ह'कडे सरकवल्याशिवाय ती कॅमेऱ्यात घालू नका, चुकून वरून रेकॉर्डिंग झालं तर ते ब्रह्मदेवालाही परत आणता येणार नाही. केबल लावताना कॅमेरा आणि कॉम्प्युटर दोन्ही बंद ठेवा. सहा पिनांच्या बाजूला वीज असते, उलटी रेटली तर पोर्ट जळतो. कॅमेरा बॅटरीवर नको, ॲडॅप्टरवर चालवा. तासाच्या कॅसेटला तासच लागतो आणि साधारण १३ जीबी जागा लागते. हार्ड डिस्क जुन्या एफएटी ३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल तर फाइल ४ जीबीला, म्हणजे वीसेक मिनिटांच्या आतच तुटते. एचडीव्हीवाला, म्हणजे त्याच टेपवर एचडी घेणारा कॅमेरा दिसत नसेल तर केबलला शिव्या देण्याआधी मेनूतली आय-लिंकची सेटिंग बघा. आणि कॅमेऱ्याला यूएसबीचं भोक आहे म्हणून हुरळून जाऊ नका. बहुतेक टेपवाल्या कॅमेऱ्यांत ते फोटोंसाठी असतं.

ॲपलवाल्यांचंही तेच झालं. थंडरबोल्टला दोन ॲडॅप्टर एकापुढे एक लावून फायरवायर चालायचं, तेही २०२५ च्या मॅकओएस टाहोमध्ये काढून टाकलं. परवा गंगापूर रोडचा एक मुलगा महागडा नवा लॅपटॉप घेऊन आला, सोबत आजोबांच्या पंच्याहत्तरीची कॅसेट. ॲडॅप्टरची सगळी माळ त्याने आणली होती, बिचाऱ्याचा दोष काहीच नव्हता. आमच्याकडे कॅप्चरचा कॉम्प्युटर इंटरनेटला जोडतच नाही. अपडेट आलं नाही म्हणजे ड्रायव्हरही जागेवर राहतो. त्याच्यासारखाच दुसरा, सुट्या भागांसकट, माळ्यावर ठेवलाय.

समोरचं दुकान आता मोबाइलचे कव्हर विकतं. आतेभाऊ ड्रोन भाड्याने देतो. त्याच्याकडे कोणी कॅसेट घेऊन आलं, की पोऱ्याच्या हाती आमच्याकडे पाठवतो आणि गिऱ्हाइकाला स्वतःचं म्हणून देतो. वर त्याची लग्नाची कॅसेटही आम्हीच केली, ताणून नव्हे, जशी होती तशी. मागच्या दिवाळीच्या बिलाचे पैसे त्याच्याकडून अजून यायचेत. आत्या घरी आली की विषय काढावा म्हणतो, पण ती पुरणपोळी घेऊन येते.