शब्द नाहीत, तरी भाव कळतो

भजनाला पेटीची साथ करणारा माणूस घरी एरिक कोट्स या इंग्रज संगीतकाराची ‘बाय द स्लीपी लगून’ ही वाद्यवृंदाची रचना का लावतो, असं मला सारखं विचारतात. शब्दच नाहीत, मग भाव कळतो कशावरून? तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

ही रचना १९३० सालची. चाल वॉल्ट्झची, म्हणजे तीन मात्रांची, पण संथ. दादऱ्याची सवय असलेल्या कानाला ती लगेच सापडते. नावात ‘स्लीपी’, म्हणजे झोप, असली तरी मला यात सुस्ती कधीच जाणवली नाही. व्हायोलिनं सगळी मिळून सूर उचलतात, वर नेतात, आता पोचणार असं वाटतं तोच अलगद खाली आणतात. ही हुरहुर आहे. भरतीच्या वेळी गोव्यात दुर्भाटच्या धक्क्यावर उभं राहिलं की अशीच लागते: समोर जुवारी नदी, पलीकडे लोटलीचा काठ, आणि आपल्याला कुठे जायचं नसतं. कोट्सलाही ही चाल सुचली ती कुठल्या माडांच्या बेटावर नव्हे, तर इंग्लंडात, सेल्सीच्या खड्यागोट्यांच्या किनाऱ्यावरून पलीकडच्या बॉग्नर रीजिसकडे बघताना.

आणि व्हायोलिनं आपल्याला परकी कधी होती? चर्चच्या शाळांतून स्वरलिपी शिकलेले गोंयकार वादक मुंबईच्या सिनेमासंगीतात गेले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, गाण्यांचा वाद्यमेळ बांधणारे अरेंजर सेबॅस्टियन डिसोझा यांची कामं रेडिओवर ऐकतच आम्ही वाढलो. मुखडा संपून अंतरा सुरू होईपर्यंत गाणारा गप्प असायचा, तेव्हाही घशात आवंढा यायचाच की!

पेटीवाला म्हणून एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. वरचा सूर तोच राहतो आणि खालचे सूर बदलतात, तेवढ्यानं त्याच सुराचा रंग पालटतो. मघाशी निवांत वाटलेला सूर उदास होतो. आपल्या भजनात हे काम शब्द करतात, इथे ते चेलो आणि व्हायोला ही व्हायोलिनपेक्षा खालच्या सुरांची वाद्यं करतात. कोट्स स्वतः वाद्यवृंदात व्हायोला वाजवायचा, त्यामुळे मधल्या वाद्यांचं मोल त्याला पुरतं ठाऊक होतं.

बीबीसीच्या ‘डेझर्ट आयलंड डिस्क्स’ या रेडिओ कार्यक्रमाला १९४२पासून हेच शीर्षकसंगीत आहे, वर समुद्रपक्ष्यांचे आवाज घातलेले. तुम्ही मात्र पक्ष्यांशिवायची पूर्ण रचना ऐका, आणि एकदा तरी व्हायोलिनं सोडून फक्त खालच्या वाद्यांवर कान ठेवा. गुरुवारी भजन नसतं. त्या दिवशी आलात तर पेटीवर ते बदलणारे सूर दाखवतो.