तुम्ही विचारलंत म्हणून: हेलकावा, दणका आणि थरथर

‘पोर्शे ९११ जीटी३ इतकी कडक, आणि तिच्याहून वेगवान मॅक्लारेन ७२०एस इतकी मऊ कशी? कडक गाडीच रस्ता चांगला धरते ना?’ हा प्रश्न थोड्याफार फरकाने नेहमी विचारला जातो. कधी ७२०एसच्या जागी अल्पाइन ए११० ही हलकी फ्रेंच स्पोर्ट्स कार असते, एवढंच. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा गाडी घ्यायची असते, नाहीतर घेतलेल्या गाडीने कंबर धरलेली असते. म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

घोळ ‘कडक’ या शब्दातच आहे. गाडीत बसणाऱ्याला तीन वेगवेगळ्या गोष्टी जाणवतात आणि तिन्हींना आपण कडक म्हणून मोकळे होतो. पहिला हेलकावा: गाडीचं सगळं धूड सेकंदाला एक-दोन वेळा वरखाली होतं, ते स्प्रिंगवर ठरतं. दुसरा दणका: खड्ड्याची कड, रस्त्यावर उचललेलं मॅनहोलचं झाकण. तो डॅम्पर (गॅरेजात ज्याला शॉकअप म्हणतात), बंप स्टॉप (चाक पार वर आलं की त्याला अडवणारा ठोकळा) आणि टायर मिळून ठरवतात. तिसरी थरथर: चाक स्वतःच सेकंदाला १० ते १५ वेळा नाचतं, आणि ते किती आत पोचेल हे टायर, चाकाचं वजन आणि बुश (सांध्यांतले रबरी तुकडे) यांच्या हातात असतं. माणसाचं शरीर सर्वात जास्त वैतागतं ते सेकंदाला ४ ते ८ वेळच्या उभ्या हालचालीने. मोटारीची स्प्रिंग साधारण १ ते २ च्या पट्ट्यात काम करते. म्हणजे जिथे आपल्याला खरा त्रास होतो, तिथे स्प्रिंगचा हात फारसा नसतोच. तरी सगळा दोष तिच्याच माथी मारला जातो.

स्प्रिंगचा आकडा तर दोन गाड्यांत थेट ताडून पाहूच नये. समजा, स्प्रिंग १ मिमी दाबायला १०० न्यूटन, म्हणजे साधारण १० किलोचा भार लागतो. पण चाक १ मिमी वर गेलं की स्प्रिंग तेवढीच दबते असं नाही. चाक धरायच्या मांडणीवर ते ठरतं: मॅकफर्सन स्ट्रटमध्ये (खाली एक भुजा, वर डॅम्परच आधार) ती जवळजवळ ०.९५ मिमी दबते, डबल विशबोनमध्ये (वर-खाली दोन भुजा) अनेकदा ०.७ च्या आसपास. या गुणोत्तराचा वर्ग घ्यायचा. तीच स्प्रिंग चाकापाशी पहिल्या मांडणीत ९० ची भरते आणि दुसरीत ४९ ची.

त्यात वजन आलं. चाकापाशी ४० न्यूटनचा ताठरपणा आणि त्या कोपऱ्यावर ३५० किलो भार असेल, तर गाडी सेकंदाला १.७ वेळा हेलकावते. भार ५०० किलो असेल, तर १.४ वेळा. स्प्रिंग तीच, पण जड गाडी ऐसपैस वाटते आणि हलकी चपळ. म्हणून हलक्या गाडीला मऊ स्प्रिंग परवडते. अल्पाइन ए११० चं सगळं गणित इथेच आहे.

सुमारे ११०० किलोची ही गाडी. डॅम्पर साधे, कुठलंही बटण दाबून न बदलणारे. स्प्रिंग मऊ, त्यामुळे वळणावर गाडी दिसण्याइतकी कलते. पण चारही चाकांना डबल विशबोन असल्याने कललेल्या गाडीचा टायरसुद्धा रस्त्यावर बऱ्यापैकी सपाट टेकतो. मऊ स्प्रिंगला प्रवास, म्हणजे चाकाला वरखाली व्हायची जागा, जास्त लागतो आणि शेवटाला आपटण्याची भीती असते. त्यासाठी अल्पाइनने डॅम्परच्या आत हायड्रॉलिक बंप स्टॉप दिला. रबरी किंवा पॉलियुरेथेनचा ठोकळा दबला की उलट ढकलतो, आणि तो परतीचा धक्का बसणाऱ्याला बसतो. तेल छिद्रातून दाबलं गेलं की जोर तिथेच जिरतो. तिच्याच कडक आवृत्तीत, ए११०एसमध्ये, स्प्रिंग दीडपट, अँटी-रोल बार (गाडीचं कलणं रोखणारी दांडी) दुप्पट ताठ आणि गाडी ४ मिमी खाली. आपल्याकडच्यासारख्या रस्त्यांवर साधी ए११० ही ए११०एसपेक्षा नुसती आरामाचीच नाही, वेगाचीही ठरेल, असं माझं ठाम मत आहे. चाक हवेत असताना कितीही ताठ बार काही धरत नाही.

मॅक्लारेनने वाट निराळी घेतली. अँटी-रोल बार म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी दांडी. वळणावर ती गाडी कलू देत नाही, हा तिचा गुण. पण एकच चाक खड्ड्यात गेलं की तीच दांडी दुसऱ्या चाकालाही ओढते आणि डोकं डावी-उजवीकडे झटकलं जातं. आपले खड्डे बहुधा एका बाजूचेच असतात, म्हणून हा त्रास इथे जास्त. २०११ च्या एमपी४-१२सीपासून मॅक्लारेनने वरच्या गाड्यांतून ही दांडीच काढून टाकली. डॅम्परच्या वरच्या-खालच्या कप्प्यांतलं तेल नळ्यांनी एकमेकांशी जोडलं, मध्ये वायू भरलेले अ‍ॅक्युम्युलेटर बसवले. गाडी कलू लागली की तेलाचा दाब वाढून ती सावरते. एकच चाक उचललं तर तेलाला वाट मिळते आणि बाकीच्यांना फारसा पत्ता लागत नाही. कलणं रोखणं आणि खड्डा गिळणं ही कामं अशी वेगळी झाली. ७२०एसचा मऊपणा इथून येतो. त्याच घराण्यातल्या ५७०एसला मात्र नेहमीच्या दांड्या आहेत. दोन्ही गाड्या लागोपाठ चालवा आणि एका बाजूच्या खड्ड्यावर डोकं किती हलतं तेवढंच पाहा.

जुनी घेत असाल तर एक सांगून ठेवतो. अशा कोणत्याही प्रणालीत अ‍ॅक्युम्युलेटरमधला वायू वर्षागणिक कमी होत जातो. तेल दबत नाही, दबतो तो वायू. तोच उरला नाही की मऊपणासाठी घेतलेली गाडी दगडासारखी होते. हे भाग झिजेचे समजून किमतीत धरा.

आता जीटी३. ती कडक आहे ते उगाच नाही. हवेने गाडी खाली दाबायची, तर तळ आणि रस्ता यांतलं अंतर फार बदलून चालत नाही. समजा, वेगात हवेचा भार २०० किलो आला, म्हणजे चाकामागे ५०. चाकापाशी १ मिमीला ४ किलो लागत असतील, तर गाडी साडेबारा मिमी खाली बसेल. स्प्रिंग अर्धी केली तर २५ मिमी. एवढ्या फरकाने पुढच्या-मागच्या चाकांवरच्या दाबाची वाटणी बिघडते. शिवाय तिथे बहुतेक सांध्यांना रबरी बुशऐवजी बॉल जॉइंट आहेत. स्टिअरिंग नेमकं होतं, पण थरथर आणि खडीचा आवाज सरळ आत येतो. पातळ गादीची कार्बन सीट घेतली तर तोही गाळणीचा शेवटचा थर गेला.

मग टायरच्या बारीक कडेला दोष द्यायचा का? मोजून पाहा. जीटी३चा पुढचा टायर २५५/३५ आर २०, म्हणजे रुंदी २५५ मिमी आणि कडेची उंची तिच्या ३५ टक्के, ८९ मिमी. अल्पाइनचा १८ इंची २०५/४० म्हणजे ८२ मिमी. मऊ वाटणाऱ्या गाडीची कड उलट कमीच आहे. २०२४ च्या जीटी३त पोर्शेने बंप स्टॉप पुढे २७ आणि मागे २४ मिमीने आखूड केले, म्हणजे ठोकळ्याला टेकण्याआधी चाकाला तेवढा जास्त प्रवास मिळाला. खराब रस्त्यावर हा बदल नुसती स्प्रिंग मऊ करण्यापेक्षा मोलाचा. बाजारातल्या लोअरिंग स्प्रिंग नेमकं याच्या उलट करतात. गाडी ३० मिमी खाली येते, बंप स्टॉप तेवढाच राहतो, आणि उभ्या गाडीतच डॅम्पर ठोकळ्यापासून जेमतेम बोटभर दूर असतो. मग प्रत्येक खड्ड्याला दणका बसतो आणि मालक शॉकअप बदलत बसतो.

डॅम्परबद्दल एकच गोष्ट नीट समजून घ्या. त्याचा पिस्टन हळू सरकतो तेव्हा (साधारण सेकंदाला १० सेंटिमीटरच्या आत) तो गाडीचं कलणं, ब्रेकला नाक टेकवणं सांभाळतो. झपाट्याने सरकतो तेव्हा समोर खड्डा असतो. चांगला डॅम्पर हळू चालीत ताठ असतो आणि झपाट्यात झडप उघडून वाट देतो. स्वस्त कॉइलओव्हर (बाजारात मिळणारा स्प्रिंग-डॅम्परचा एकत्र संच) दोन्हीकडे सारखाच ताठ असतो. फेरारीने ४३० स्कुडेरियापासून डॅम्पर मऊ करण्याचं बटण बाकीच्या सेटिंगपासून वेगळं काढलं, त्यामागे हेच आहे: इंजिन आणि गिअर रेसचे ठेवा, रस्ता वाईट आहे तर डॅम्पर तेवढा सोडा. मोटारींच्या जगात इतकी समंजस बटणं फार थोडी आहेत.

ज्यांच्या डॅम्परला क्लिक आहेत (ताठपणा टप्प्याटप्प्याने बदलायची सोय) ते हमखास रिबाउंड, म्हणजे दबलेला डॅम्पर परत लांबताना होणारा अटकाव, आवळून बसतात. गाडी पहिल्या फेरीत आटोपशीर वाटतेही. पण लागोपाठ चार उंचवटे आले की चाकाला पूर्ण खाली यायला वेळच मिळत नाही. गाडी दर उंचवट्याला थोडी थोडी खाली बसत जाते आणि चौथ्याला ठोकळ्यावर आपटते. लोक म्हणतात, स्प्रिंग कडक आहे. रिबाउंड दोन क्लिक सैल करून त्याच रस्त्यावरून पुन्हा जा, मग काय ते ठरवा.

दोन गाड्या तोलायच्या तर आधी हवा. गाडी रात्रभर उभी असताना, दाराच्या स्टिकरवरच्या आकड्याप्रमाणे, आपल्या गेजने भरा. टायरचा ताठरपणा हवेच्या जवळजवळ प्रमाणात वाढतो, आणि तापमान ६ अंशांनी वाढलं की दाब सुमारे १ पीएसआय चढतो. बराच काळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांत टायर चपटा पडू नये म्हणून हवा जादा भरून ठेवतात. ती न उतरवता ट्रायल घेतली तर अल्पाइनही जीटी३ वाटेल. टायरच्या कडेवरचा चार अंकी आकडाही वाचा: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. सहा-सात वर्षांचं रबर नक्षी शाबूत असूनही टणक झालेलं असतं.

मग तीन तऱ्हांचे रस्ते घ्या. तुटक्या गल्लीत ताशी २५ ने थरथर कळते. सिमेंटच्या रस्त्यावर दणक्यांची रांग कळते: अशा रस्त्यांचे सांधे साधारण साडेचार मीटरवर असतात, ताशी १०० ने गेलात की सेकंदाला सहा ठोके, अगदी शरीराला नको असलेल्या पट्ट्यात. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर चांगली वाटणारी गाडी डांबरी घाटात वाईट वाटू शकते, आणि उलटही. तिसरा, लांब उंचवटा. जीटी३च्या दोन आसांत २.४६ मीटर अंतर आहे, ताशी ८० ला मागचं चाक पुढच्यानंतर ०.११ सेकंदाने तिथे पोचतं. मागची बाजू पुढच्याहून जराशी भराभर हेलकावली तर ती पुढच्याला गाठते आणि गाडी सपाट बसते. तसं नसेल तर मान डोलत राहते. उंचवट्यानंतर गाडी एका हेलकाव्यात स्थिरावली पाहिजे. दुसरा आला तर डॅम्पर थकलाय.

गाडी तुमचीच असेल तर आणखी एक, फुकटातलं. डॅम्परच्या चकचकीत दांड्याला एक बारीक केबल टाय सैलसर गुंडाळा आणि सरकवून डॅम्परच्या नळीला टेकवा. रोजच्या रस्त्यावर अर्धा तास चालवा, परत येऊन टाय दांड्यावर किती सरकला ते पट्टीने मोजा. तो बंप स्टॉपला भिडला असेल, तर दणका ठोकळ्याचा आहे, आणि गाडी वर उचलणं किंवा ठोकळा बदलणं हा उपाय. निम्मा प्रवास कोराच राहिला असेल, तर स्प्रिंग किंवा डॅम्पर खरंच या रस्त्यासाठी जास्त ताठ आहे. आणि टाय बराचसा सरकून ठोकळ्याच्या अलीकडेच थांबला असून कंबर तरीही दुखत असेल, तर टायर, बुश आणि सीटकडे वळा.