हालमोनीची कणसं आणि माझं लिंबू-तिखट

शेजारच्या हालमोनीने, म्हणजे इथल्या, दक्षिण कोरियातल्या, आजीबाईंनी, परवा दाराच्या मुठीला पिशवी अडकवून ठेवली होती. आत सहा उकडलेली कणसं, वाफेने पिशवी आतून ओली झालेली. पांढरे दाणे, मधूनच एखादा जांभळा. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवली, तर म्हणते, "अगं, शिळी दिसतायत. टाकून दे, फक्त त्यांना कळू देऊ नकोस."

शिळी नव्हती. आमच्या छुन्छन शहराच्या शेजारी होंगछन आहे, मक्यासाठी नावाजलेलं. तिथला हा छाल-ओक्सुसू, म्हणजे चिकट मका. जुलै-ऑगस्टमध्ये रस्तोरस्ती पातेल्यांतून वाफ निघत असते.

पहिल्या वर्षी मीही फसले होते. कॉर्न म्हणजे मॉलमधला पेपर कप, बटर, मसाला आणि दाताखाली फुटणारा रसाळ दाणा, एवढंच जिभेला ठाऊक. हा दाणा फुटतच नाही. दाबला की दबतो, पुन्हा वर येतो, उकडीच्या मोदकाची पारी जाड झाली की लागते तसा. साध्या मक्याच्या स्टार्चमध्ये साधारण पाव भाग अमायलोज हा कमी चिकट प्रकार असतो, या छाल मक्यात जवळजवळ सगळं अमायलोपेक्टिन, म्हणजे चिकट प्रकारच. चिकटपणा त्याचाच. स्वीट कॉर्नमध्ये साखरेचा स्टार्च व्हायचाच राहून जातो, म्हणून तो गोड आणि पाणीदार.

हे समजलं, पटलंही. पण ऑफिसात स्वीट कॉर्नचं नाव काढलं की "तो पिझ्झावर घालायचा, खायचा मका आमचाच" हे ऐकून ऐकून माझं डोकं उठतं. कारण हा 'खायचा मका' उकडताना पाण्यात काय पडतं? मीठ आणि न्यू शुगर! सॅकरीन मिसळलेली गोड पूड! मक्याच्या अंगच्या चवीचं एवढं कौतुक, आणि पातेल्यात चमचाभर न्यू शुगर. बरं, विचारलं तर "त्याशिवाय चव कशी येणार?" वर तरुण मंडळी छोदांग मक्यावर तुटून पडतात ते वेगळंच. तो अति-गोड, कच्चाही खाता येतो. (छोदांग नावाचं गावही आहे, पण ते टोफूचं. इथे अर्थ नुसता 'अति-साखर'.) मीही आणते, कधीकधी. हालमोनी लिफ्टमध्ये भेटल्या की पिशवी मागे धरते.

आता आपणही सिंहगडावर "गावठी कणीस द्या हो, अमेरिकन नको" म्हणतो आणि त्यावर लिंबू-तिखट-मीठ इतकं चोळतो की खाली मका आहे की पुठ्ठा, कळू नये. पण ते वेगळं. निखाऱ्यावरच्या करपलेल्या दाण्याला लिंबू लागतंच.

म्हणून त्या सहांतली दोन कणसं मी बाल्कनीत गॅसच्या छोट्या शेगडीवर भाजली. उकडलेलीच होती, त्यामुळे वरून करपली आणि आत आणखी चिवट झाली. तरी लिंबू-तिखट चोळून एक हालमोनींना नेऊन दिलं. तिखट त्यांना काय नवीन? लिंबाने मात्र एक डोळा गच्च मिटला. बराच वेळ चावत राहिल्या, मग "मासिस्सॉ" म्हणाल्या, म्हणजे छान लागतंय.

आज मुठीला पुन्हा पिशवी होती. चार कणसं, आणि तळाशी न्यू शुगरची पुडी.