कार्सन सिटीच्या सुवर्णनाण्याचे मूल्यमापन : माझा अनुभव

कॅलिफोर्नियात स्थायिक झाल्यावर मला एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी सुवर्णनाण्यांचा छंद जडला, आणि नेव्हाडातील कार्सन सिटी टाकसाळीत 1891 साली पाडलेले पाच डॉलरचे नाणे मी एका प्रदर्शनात विकत घेतले. ते खरे आहे का आणि त्याची रास्त किंमत काय, हे ठरवून घेणे हे पुढचे काम होते.

सुरुवात वजनापासून केली. या नाण्याचे प्रमाणित वजन 8.359 ग्रॅम, व्यास 21.6 मिलिमीटर आणि सोने 90 टक्के. उरलेला भाग मुख्यतः तांब्याचा असल्याने रंगात किंचित लाली असते. पाण्यात बुडवल्यावर वजन सुमारे 0.49 ग्रॅमने घटले, म्हणजे धातूची घनता जुळली. मात्र एवढ्यावर विसंबून चालत नाही, कारण विसाव्या शतकाच्या मध्यास लेबनॉनमध्ये अस्सल सोन्याचीच बनावट नाणी तयार केली जात.

त्यामुळे खरी परीक्षा भिंगाखाली होते. मागील बाजूस गरुडाच्या खाली 'सीसी' ही टाकसाळीची इवलीशी खूण असते. ती नंतर चिकटवलेली असेल तर अक्षरांच्या बुडाशी बारीक सांधा दिसतो. माझ्या नाण्यावर अक्षरे पृष्ठभागातूनच उठलेली होती. मग नाणे दिव्याखाली हळूहळू तिरपे करून पाहिले. कोणी ते घासून चकचकीत केले असते तर समांतर ओरखडे उजळले असते, आणि अशा नाण्याची किंमत बरीच उतरते. दर्शनी बाजूवरील लिबर्टीच्या, म्हणजे स्वातंत्र्यदेवतेच्या, केसांवर थोडी झीज होती, पण अक्षरांच्या मधल्या जागेत मूळ झळाळी टिकून होती, आणि जाणकार हेच आधी पाहतात.

यानंतर विमा उतरवून नाणे पीसीजीएसकडे पाठवले. ही संस्था 1986 पासून 1 ते 70 या श्रेणीत नाण्यांचा दर्जा ठरवते. 'एयू 55', म्हणजे जवळजवळ न वापरलेले, असा दर्जा मिळून नाणे बंद पारदर्शक पेटीत परत आले.

त्या वर्षी कार्सन सिटीत अशी 2,08,000 नाणी पाडली गेली, फिलाडेल्फियाच्या टाकसाळीहून अधिक. तरीही टाकसाळीच्या नावलौकिकामुळे संग्राहक 'सीसी'साठी जास्त मोजतात. म्हणून किंमत ठरवताना मी सोन्याचा भाव केवळ तळरेषा मानला, आणि विक्रेत्यांनी मागितलेले आकडे बाजूला ठेवून त्याच टाकसाळीच्या, त्याच दर्जाच्या नाण्यांना लिलावात प्रत्यक्ष मिळालेल्या रकमांवरूनच विम्याची रक्कम निश्चित केली.