वॉरिकचे बीचम घराणे: एका चर्चमधल्या तीन पिढ्या आणि ट्यूक्सबरीची पुरवणी

इंग्लंडमधल्या वॉरिकला जाणारे बहुतेक जण किल्ला पाहून परततात. रिचर्ड बीचम (१३८२–१४३९), म्हणजे वॉरिकचा तेरावा अर्ल (इंग्लिश सरदारपद), आणि त्याचा गोतावळा समजून घ्यायचा असेल तर आधी सेंट मेरी चर्च गाठावे. किल्ला वेळ उरला तर. तिथले ‘सीझर’ आणि ‘गाय’ (Guy) हे दोन बुरूज रिचर्डच्या आजोबा-वडिलांच्या काळातले, पण त्याच्या घरादाराबद्दल किल्ल्यात फारसे काही हाती लागत नाही. मुले बरोबर असतील तर गोष्ट वेगळी, त्यांचा दिवस तिथे मजेत जातो.

लंडनच्या मेरिलबोन स्थानकातून वॉरिकला थेट गाडी आहे, साधारण दीड तास. बर्मिंगहॅमला उतरणाऱ्यांनी मूर स्ट्रीटहून गाडी धरावी. तिकीट काढताना ‘वॉरिक’च निवडा. ‘वॉरिक पार्कवे’ हे वेगळे स्थानक गावाबाहेर आहे आणि तिथून चालत येणे कंटाळवाणे होते. वॉरिक स्थानकापासून चर्च चालत पंधरा मिनिटांच्या आत. रविवारी सकाळी प्रार्थना असते, अधूनमधून लग्ने आणि कार्यक्रमही असतात, तेव्हा रिचर्डचे थडगे असलेले तिथले बीचम चॅपल उघडे आहे का हे आदल्या दिवशी संकेतस्थळावर पाहून ठेवा. पाटीवरचे आडनाव फ्रेंच वळणाचे दिसेल, पण विचारताना ‘बीचम’ म्हणा.

आत शिरल्यावर थेट बीचम चॅपलकडे धाव घेऊ नका. १६९४ च्या आगीत गावाबरोबर चर्चचा पुढचा भाग जळाला, त्यामुळे प्रवेशद्वाराकडचे बांधकाम नंतरचे आहे. वेदीकडचा भाग वाचला. तिथे मधोमध आजोबा थॉमस (अकरावा अर्ल) आणि आजी कॅथरिन मॉर्टिमर पहुडले आहेत, हातात हात धरून. हा थॉमस फ्रान्सविरुद्धच्या क्रेसी आणि प्वातिए या दोन्ही लढायांत होता आणि १३६९ मध्ये कॅलेला वारला. मग दक्षिणेकडच्या आडव्या भागात या: भिंतीवर पितळी पत्र्यात कोरलेले वडील थॉमस (बारावा अर्ल, मृत्यू १४०१) आणि आई मार्गारेट फेरर्स. हे न पाहता बरेच जण पुढे सरकतात, कारण नजर चॅपलच्या दाराकडे असते.

चॅपलचे काम १४४३ ते १४६४ चालले आणि खर्च सुमारे अडीच हजार पौंड झाला. रिचर्ड फ्रान्समधल्या रूआँला वारला. इंग्लंडचा राजा सहाव्या हेन्रीचा तो गुरू होता, शेवटी नॉर्मंडीतला राजाचा प्रतिनिधी. जोन ऑफ आर्क १४३१ मध्ये रूआँच्या किल्ल्यात कैदेत होती तेव्हा तिथला कारभार त्याच्याच हाती होता. त्याचे शव वॉरिकला आणले, पण चॅपल तयार होईपर्यंत ते चर्चमध्येच दुसरीकडे ठेवावे लागले.

थडग्यावरची रिचर्डची मूर्ती सोन्याचा मुलामा दिलेल्या मिश्रधातूची, विल्यम ऑस्टिनने ओतलेली. चिलखताचा प्रत्येक पट्टा आणि बक्कल जागच्या जागी आहे, आणि कुणाला कधी दिसणार नाही अशी पाठही तितकीच काळजीने घडवली आहे. वरच्या धातूच्या कमानींमुळे चेहरा नीट दिसत नाही, म्हणून बाजूने वाकून पाहा. हात जोडलेले नसून थोडे उघडे आहेत. त्या नजरेच्या रेषेत छताकडे पाहिले की मेरीची मूर्ती दिसते. लहान दुर्बीण इथे हवीच. पूर्वेच्या खिडकीत वरच्या बाजूला वाद्ये आणि स्वरलिपीचे कागद धरलेले देवदूत आहेत, ते नुसत्या डोळ्यांनी कळत नाहीत. काच जॉन प्रडची, करारात परदेशी काचच वापरायची अट होती. खिडकी पूर्वेची असल्याने सकाळी यावे, दुपारनंतर रंग मंदावतात.

खरा वेळ खालच्या चौदा शोकमूर्तींना, म्हणजे शोक करणाऱ्या नातेवाइकांच्या मूर्तींना द्या. त्या थडग्याच्या कडेने कोनाड्यांत आहेत, सात पुरुष आणि सात स्त्रिया, मध्ये अठरा छोटे देवदूत. गुडघ्यांवर बसावे लागते. फोनचा दिवा लावण्याआधी तिथल्या स्वयंसेवकांना विचारा. चेहऱ्यांवरून कोण कोण ते कळणार नाही, पायाखालच्या ढालीवरचे कुलचिन्ह पाहायचे असते. घोटाळा नावांचा होतो: रिचर्ड नेव्हिल दोन आहेत, सॉल्झबरीचा अर्ल आणि त्याचा मुलगा, जो पुढे ‘किंगमेकर’ (राजे घडवणारा) ठरला.

इथे मराठी वाचकाला झटकन कळेल अशी दोन नाती आहेत. एक साटेलोटे: रिचर्डच्या हेन्रीला सॉल्झबरीची सेसिली दिली आणि रिचर्डची ॲन सॉल्झबरीच्या मुलाला. दुसरे सख्खे-सावत्र. पहिली बायको एलिझाबेथ बर्कली, तिच्या तीन मुली: मार्गारेट (टॅलबटला दिलेली), एलिनॉर (दुसरा नवरा एडमंड बोफर्ट) आणि एलिझाबेथ (लॅटिमरला दिलेली). दुसरी इझाबेल डिस्पेन्सर, तिची हेन्री आणि ॲन. हेन्री १४४६ मध्ये गेला, तीन वर्षांनी त्याची चिमुरडी मुलगीही गेली. कायद्याने सख्ख्या आत्यापुढे सावत्र आत्यांना वारसा नव्हता, म्हणून सगळ्यांत धाकट्या ॲनच्या नवऱ्याला अर्लपद मिळाले आणि थोरल्या तिघींची घरे खवळली. वेल्समधल्या ग्लॅमॉर्गनच्या जमिनींवरून बोफर्ट आणि किंगमेकर यांचे आणखी बिनसले. १४५५ मध्ये सेंट अल्बान्सच्या लढाईत बोफर्ट मारला गेला तेव्हा किंगमेकर समोरच्या बाजूला होता. सातांपैकी पाच पुरुष असेच लढाईत किंवा तिच्या पाठोपाठ मारले गेले. कोनाड्यांत मात्र सगळे एकाच दुःखात उभे आहेत.

चॅपलमध्ये राणी पहिल्या एलिझाबेथच्या मर्जीतल्या रॉबर्ट डडलीचे भपकेदार थडगेही आहे. ते शंभराहून अधिक वर्षांनंतरचे, त्यात अडकू नका.

इझाबेल इथे नाही. ती रिचर्डनंतर काही महिन्यांतच वारली आणि माहेरच्या ट्यूक्सबरी ॲबीत पुरली गेली. गाडीने वॉरिकहून तासाभराचे अंतर. तिथे तिने बांधवलेले सुंदर दुमजली चॅपल आहे, पण ते या रिचर्डचे नव्हे. तिचा पहिला नवराही रिचर्ड बीचमच होता, वूस्टरचा अर्ल, दुसऱ्याचा चुलतभाऊ. मार्गदर्शकसुद्धा इथे घाईत घसरतात. हेन्रीही याच ॲबीत आहे. वेदीमागच्या तळघरात किंगमेकरची मुलगी इझाबेल आणि तिचा नवरा क्लॅरेन्स. किंगमेकरची बायको ॲन जिवंत असताना ‘ती जणू मेलीच’ असे धरून तिची मालमत्ता संसदेने १४७४ मध्ये क्लॅरेन्स आणि तिचा दुसरा जावई यांच्यात वाटून दिली होती.

रेल्वेने जाणाऱ्यांनी ॲशचर्चला उतरावे. बर्मिंगहॅमला स्थानक बदलावे लागते, मूर स्ट्रीटहून चालत न्यू स्ट्रीट. ॲशचर्चला थोड्याच गाड्या थांबतात आणि तिथून ॲबी सुमारे तीन किलोमीटर, म्हणून परतीची गाडी आधी ठरवा आणि मग ॲबीत किती वेळ द्यायचा ते मोजा. लंडनहून दोन्ही एका दिवसात कोंबण्यापेक्षा वॉरिकला मुक्काम करून दुसऱ्या सकाळी ट्यूक्सबरी करावी.